इव्हो १०चं इंजिन पुन्हा बांधताना: खर्च कुठे केला, कुठे टाळला

गाडी मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन १०. इंजिन ४बी११टी: दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो (हवा दाबून भरणारा पंप), ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८६ मिमीच स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९:१. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या भिंती, ओतूनच बसवलेले. भारतात ही गाडी मोजकीच आली. त्यामुळे नागपुरात तिचं इंजिन खोलायचं तर सुटे भाग बाहेरून आणि मशीनचं काम हिंगणा एमआयडीसीत, अशीच विभागणी करावी लागते. बिघडलेलं इंजिन उघडलं की जो तो सांगतो, "आता खोललंच आहे, तर हेही टाकून घ्या." त्या यादीतलं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी इंजिन मेलं कशाने, ते शोधावं लागतं. आम्ही निम्मा वेळ त्यातच घातला.

लक्षणं ओळखीची होती. जोर दिला की निळा धूर, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाणं, इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा थर, आयडलला एका सिलिंडरची धडधड. कॉम्प्रेशन टेस्ट चारही प्लग काढून, इंधन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना घ्यायची. नाहीतर आकडे फसवतात. एक, दोन आणि चार नंबरला १५० ते १५५ पीएसआय आले, तीन नंबरला ९०. तीनमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १०५. रिंगा नुसत्या झिजल्या असत्या तर ऑइलने आकडा बराच वर गेला असता, व्हॉल्व्ह जळाला असता तर जवळपास हललाच नसता. मधला आकडा आला की पिस्टनवरच संशय धरावा. मग लीकडाऊन: सिलिंडरचा पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून १०० पीएसआय हवा सोडली आणि कान लावला. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, ऑइल भरायच्या झाकणातून सूं सूं आली तर रिंग-पिस्टन. इथे झाकणातून नुसता वाराच येत होता.

तीन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगाखाली मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके दिसले, त्यातले काही चमकणारे. ते वितळून चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम होतं. हेड काढलं तेव्हा पिस्टनच्या माथ्याची कड वाळूचा मारा केल्यासारखी खरबरीत झालेली, आणि पिस्टन बाहेर आल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला पट्टा, म्हणजे रिंग लँड, नखाएवढा तुकडा पडून गायब. स्कर्ट मात्र स्वच्छ, बेअरिंगही रंगाने जळलेली नाहीत. म्हणजे ऑइल कमी पडलं नव्हतं आणि इंजिन तापून आवळलंही नव्हतं. हा डेटोनेशनचा (मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटण्याचा), आपल्या मिस्त्रींच्या भाषेत नॉकिंगचा, मार होता. मूळ पिस्टन ओतीव असतो. त्यात सिलिकॉन जास्त असल्याने तो झिजत नाही, पण ठोके बसले की वाकण्याऐवजी तुटतो, आणि तुटतो तो बहुतेक वेळा याच पट्ट्यावर.

नॉकिंग का झालं याची उत्तरं एकात एक अडकलेली निघाली. इंजेक्टर बेंचवर लावले तर तीन नंबरचा बाकी तिघांपेक्षा ८ टक्के कमी देत होता. आतल्या जाळीत गाळ होता. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, आधीच्या मालकाच्या काळातलं ट्यूनिंग होतं, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलेलं, १० टक्के इथेनॉलच्या जुन्या पेट्रोलवर बेतलेलं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.१च्या आसपास लागतं, २० टक्क्यांच्या पेट्रोलला १३.५च्या. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही तफावत भरून काढतो. पूर्ण बूस्टवर ईसीयू सेन्सरचं न ऐकता नकाशातला (ट्यूनिंगच्या तक्त्यातला) आकडा घेतो, तेव्हा मिश्रण सुमारे चार टक्के लीन जातं, म्हणजे तेवढं पेट्रोल कमी पडतं. इथेनॉलच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे, पण इथेनॉल स्वतः नॉकिंगला विरोधच करतं. चूक नकाशा न बदलण्याची असते. चार टक्के सगळ्या सिलिंडरना, वर आठ टक्के तीन नंबरला. तुटलं ते तीन नंबरच.

आणि त्यावर नागपूरचा मे महिना. १.४ बार बूस्टला, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४५ अंशांची हवा टर्बोतून निघताना १७० अंशांच्या पुढे जाते. इंटरकूलरने त्यातली तीन चतुर्थांश वाढ उतरवली तरी इंजिनात ७७ अंशांची हवा शिरते. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांना हेच गणित ४४ वर येतं. म्हणजे हिवाळ्यात निर्धास्त चालणारं ट्यूनिंग उन्हाळ्यात ३३ अंश जास्त गरम हवेवर चालतं, ठिणगी पडायच्या त्याच टायमिंगवर. शिवाय इंटरकूलरच्या पातळ पत्र्यांत धूळ आणि किडे भरले होते, त्यामुळे तीन चतुर्थांश हेही उदार अनुमानच.

कारण कळल्यावर यादी छाटणं सोपं गेलं. सगळ्यात मोठा मोह स्ट्रोकरचा, म्हणजे स्ट्रोक वाढवून इंजिन मोठं करण्याचा होता. ४बी१२ या २.४ लिटर इंजिनाचा क्रँक ९७ मिमी स्ट्रोकचा आहे. तो ८६च्या बोअरमध्ये घातला की २२५४ सीसी होतात, टर्बो लवकर फिरतो, शहरात गाडी हलकी वाटते. पण पिस्टन टीडीसीला साडेपाच मिलिमीटर वर जातो, म्हणून पिनची जागा तेवढी वर घेतलेला पिस्टन किंवा तेवढा आखूड रॉड लागतो, रॉडचा कोन वाढतो आणि पिस्टनचा बाजूचा दाब वाढतो. यातल्या कशानेही नॉकिंग थांबत नाही. उलट टॉर्क वाढला की टीसी-एसएसटी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लचवर ताण येतो, आणि तो गिअरबॉक्स नागपुरात उघडून बसवून देणारा सापडणं इंजिनापेक्षा अवघड. स्ट्रोकर बाद. मोठा टर्बो बाद, वेगळे कॅम बाद. मूळ टर्बो मात्र तपासावाच लागतो, कारण पिस्टनचा तुटका तुकडा एक्झॉस्टमधून टर्बाइनवरच जाऊन आदळतो. पात्यांची टोकं भिंगाने पाहिली, शाफ्टची लांबीच्या दिशेतली हालचाल डायल गेजने मोजली. टोकं शाबूत होती. नव्या सील आणि बेअरिंगवर काम भागलं.

पिस्टनवर मात्र पैसे लावले. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, पिस्टनांत दोन मिश्रधातू मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन ११-१२ टक्के, तापल्यावर कमी फुगतो, त्यामुळे बोअर आणि पिस्टनमधली फट कमी ठेवता येते आणि गाडी थंड असताना आवाज करत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नाही. तो जास्त फुगतो, फट जास्त लागते, सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं टकटकतो, रिंगांच्या खाचाही लवकर झिजतात. पण ठोका खाऊन वाकतो, तुटत नाही. मूळ ताकदीवर रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीला ४०३२च द्यावा असं आमचं मत आहे. ही गाडी वर्षाला फार चालत नाही, आणि लांब पल्ल्यावर कुठल्या पंपावर काय पेट्रोल पदरात पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून २६१८ घेतला. थंडीतल्या टकटकीची धास्ती नागपुरात फारशी नाहीच.

रॉडच्या बाबतीत कारणाच्या पलीकडे जाऊन खर्च केला. मूळ रॉड सरळ होते, मूळ टॉर्कला पुरेसेही. पण रॉडचे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, नवे बोल्ट टाकले की बिग-एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) पुन्हा साइजला आणावा लागतो, आणि पिस्टन बदलल्यामुळे वजनं जुळवावीच लागतात. हा सगळा खर्च एच-बीमच्या नव्या फोर्ज्ड रॉडच्या दिशेने इतका सरकतो की उरलेला फरक द्यावा. हेड पुन्हा उतरवायची मजुरी त्याहून जास्त पडते.

पिस्टन मागवण्याआधी बोअर मोजायचा. मागवल्यानंतर नाही. तीन नंबरमध्ये तुकड्याने उभा ओरखडा पाडला होता. अर्धा मिलिमीटर, म्हणजे वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वाढवून ८६.५ केलं तर तो निघतो का हे बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं अशा सहा मापांत पाहिलं. निघत होता. नसता निघाला तर लाइनर कापून नवी स्लीव्ह, किंवा दुसरा ब्लॉक. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणून ब्लॉक बदलला की आरटीओत आरसीवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं आलं. ८६.५ला एकूण क्षमता २०२१ सीसी होते आणि ज्वलनकक्ष तेवढाच राहिला तर कॉम्प्रेशन ९.१ला पोचतं. त्यात ब्लॉकचा माथा एक दशांश मिलिमीटर जरी फेस केला, म्हणजे मशीनवर घासला, तरी ते ९.१७ होतं. ज्या इंजिनाला नॉकिंगने मारलं त्याचं कॉम्प्रेशन नकळत वाढवणं म्हणजे रोग्यालाच रोगाचा डोस. म्हणून माथा फक्त सपाट होण्यापुरता घेतला आणि घेतलं तेवढं गॅस्केटच्या जाडीत परत दिलं.

बोरिंगच्या दुकानात खरी कसोटी लागते. वाडी आणि हिंगण्याच्या बाजूला ट्रकची इंजिनं रोज बांधली जातात, हात पक्के आहेत, पण सवय ओतीव पिस्टनांची आणि दोन थाऊच्या फटीची. पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर ०.०९५ मिमी होतं.

"भाऊ, पावणेचार थाऊ? पिस्टन नाचन ना आतमधी!"

"नाचू द्या. तापला की फुगून बसते बरोबर. कागदावर आहे तेवढंच ठेवा, तुमच्या मनाने कमी नका करू."

हे बोलणं काम सुरू होण्याआधी करावं आणि आकडा कागदावर लिहून ब्लॉकलाच बांधावा. दुकानात कामं हातोहात बदलतात.

दुसरी गोष्ट टॉर्क प्लेटची. या ब्लॉकमध्ये वरच्या बाजूला लाइनरना आधार कमी आहे. हेड आवळलं की बोअर किंचित वाकडा होतो. होनिंग (बोअर दगडाने घासून शेवटच्या मापाला आणणं) हेडशिवाय केलं तर मशीनवर गोल असलेला बोअर गाडीत गोल राहत नाही आणि रिंगा गळतात. म्हणून ५० मिमी जाड प्लेट लेथवाल्याकडून कापून, भोकं पाडून घेतली, ती हेडच्या जागी आवळली आणि मग होन केलं. इथेच हेड स्टडचा, म्हणजे बोल्टऐवजी वरून नटने आवळायच्या दांड्यांचा, निर्णय अडकलेला असतो. मूळ बूस्टला मूळ बोल्ट चालतात, पण ते ताणले जाणारे, एकदाच वापरायचे. स्टड लावायचे ठरवलं असेल तर प्लेटही त्याच स्टडने, त्याच टॉर्कला आवळायची. प्लेटला बोल्ट आणि गाडीला स्टड असं केलं की सगळी मेहनत वाया. आम्ही स्टड घेतले, प्लेटलाही तेच वापरले.

माप घेताना तापमानाकडे कोणी बघत नाही. कंपनीची मापं २० अंशांची असतात. पत्र्याच्या शेडखाली ४३ अंशांत ८६ मिमीचा बिडाचा बोअर ०.०२ मिमीने वाढतो, अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन ०.०४ मिमीहून जास्त. म्हणजे २० अंशांना ०.०९५ असलेली फट दुपारी ०.०७५च्या आसपास दिसते. तिथे घाबरून आणखी होन केलं की संध्याकाळी ती मापाबाहेर गेलेली असते. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवून पहाटे मोजलं आणि उरलेला फरक हिशेबात धरला. पिस्टन एका दुकानात एसीमध्ये आणि ब्लॉक दुसरीकडे उन्हात, असं कधीच करू नये.

होन झालेला ब्लॉक डिझेलने धुवायची सगळीकडे पद्धत आहे. डिझेलने ग्रीस निघतं, होनिंगची भुकटी निघत नाही. ती बिडाच्या रेघांत बसते आणि पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये रिंगा घासून टाकते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश, आणि पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवलं की पांढरंच बाहेर येईपर्यंत. वाळवून लगेच ऑइल लावायचं. खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर तो बंदच करा. त्या दमट हवेत उघडा बीड बघता बघता तांबूस होतो, आणि कूलरमागून लू सोबत धूळही येतेच. बाहेर आग असली तरी इंजिन दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बांधायचं.

क्रँकची जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मर्यादेत होती, नुसतं पॉलिश केलं. ऑइलची भोकं ब्रशने, ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून त्याही साफ केल्या. बेअरिंगची फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे इथे ०.०४५ ते ०.०५५ मिमी, आधी बोअर गेजने आणि नंतर प्लास्टिगेजने (दाबून चपट्या होणाऱ्या मापाच्या धाग्याने) पडताळली. दोन आकडे जुळले नाहीत तर कॅप उलटी बसली आहे किंवा शेलमागे कचरा आहे. टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाइड नवे. या इंजिनाची चेन लांबते, ही जुनी तक्रार आहे. तिथे विचार करण्यासारखं काही नाही.

रिंग गॅपवर, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीवर, मात्र सावकाश थांबा. बाजारातून आलेली रिंग तशीच बसवली तर टर्बो इंजिनात तापून तिची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा तोच पट्टा पुन्हा तुटतो. मग दोष पेट्रोलला दिला जातो. रस्त्यावरच्या टर्बोला वरच्या रिंगेसाठी बोअरच्या साधारण ०.००५५ पट, म्हणजे आपल्या ८६.५ला ०.४८ मिमी. दुसऱ्या रिंगेला ०.०५ ते ०.१ जास्त, दोन्हींच्या मध्ये अडकलेला दाब निसटावा म्हणून. रिंग त्याच सिलिंडरमध्ये ठेवून, पिस्टनच्या माथ्याने २५ मिमी आत सरळ ढकलून फीलर गेजने पाहायचं. फाइल एकाच टोकाला, बाहेरच्या कडेकडून आतल्या दिशेने चालवायची. उलट चालवली तर कडेचा लेप उडतो. प्रत्येक रिंगेवर सिलिंडरचा नंबर.

आता कारणावरचे उपाय. चारही इंजेक्टर नवे, एकाच संचातले, बेंचवर एकमेकांच्या दोन टक्क्यांत जुळवलेले. इंधनपंप नवा. ऑइल कूलर धुऊन पुन्हा लावायचा नाही. त्याच्या बारीक नळ्यांत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी अडकलेली असते, ती कितीही फ्लश केला तरी पहिल्या गरम धावेत सुटून नव्या बेअरिंगमध्ये जाते. कूलर आणि त्याच्या नळ्या दोन्ही नव्या. ब्रीदरवर (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीवर) कॅच कॅन, म्हणजे ऑइल अडवणारा डबा, कारण इनटेकमध्ये गेलेली ऑइलची वाफ पेट्रोलचा ऑक्टेन खाली ओढते. इंटरकूलर मोठा घेतला, पण सगळ्यात जाड नाही. साडेतीन इंची कोअरवर थांबलो. पाच इंची कोअर फोटोत छान दिसतो, मात्र मागच्या कंडेन्सर आणि रेडिएटरची हवा अडवतो, आणि मे महिन्यात सिग्नलला एसीने मान टाकली की त्याची किंमत कळते.

पहिला स्टार्ट देण्याआधी प्लग आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइलचा दाब गेजवर चढेपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा, दहा-दहा सेकंदांच्या हप्त्यांत. सुरू झाल्यावर गळती पाहून, पाणी आणि ऑइल गरम झालं की गाडी रस्त्यावर काढायची. आयडलला तासभर गुरगुरत ठेवलं की बोअरला चकाकी येते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. साधं मिनरल ऑइल, बूस्ट कमी, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम जोर आणि मग पाय काढून इंजिन ब्रेकिंग, असं आलटून-पालटून. समृद्धी महामार्ग यासाठी नको. एका वेगावर तासन्‌तास चालणं रिंगांना उपयोगाचं नाही. अमरावती रस्त्याने कोंढाळीपर्यंत चढउतार आणि वाहतूक दोन्ही मिळतात. ऑइल ५० किमीला, मग ५०० आणि १५०० किमीला बदललं, दर वेळी फिल्टर कापून कागद उलगडून पाहिला. पहिल्या फिल्टरमध्ये करड्या रंगाची बारीक भुकटी असणारच. नखाला लागेल असा चकाकता कण दिसला तर गाडी तिथेच थांबवा. १५०० नंतर सिंथेटिक १०डब्ल्यू-४० घातलं. ५डब्ल्यू-३०चा पातळपणा या फटींना आणि या हवेला झेपत नाही.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी आणि मिश्रण अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं, जे शहरात सहज मिळतं. ९७ किंवा १०० वर ट्यून केलं की ते न मिळणाऱ्या गावी पंचाईत. मिश्रण पूर्ण बूस्टवर किंचित रिच (पेट्रोल थोडं जास्त), बूस्ट मूळच्या पातळीवर. इनटेकचं तापमान ५० अंशांवर गेलं की टायमिंग मागे घेणारा तक्ता, आणि ६५च्या पुढे बूस्टही उतरवणारा. हा तक्ता दुपारी दोनच्या उन्हात लॉग घेऊनच बसवता येतो. पहाटेच्या थंड हवेत घेतलेल्या सुंदर आलेखाचा इथे उपयोग शून्य. पहिल्या लॉगमध्ये नॉकचे आकडे ४००० आरपीएमच्या आसपास दोनदा वर गेले, तिथे दोन अंश टायमिंग काढलं, ताकदीत जाणवेल असा फरक पडला नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आता १६० ते १६५ आहे. दर उन्हाळ्याआधी इंटरकूलर उलट्या बाजूने पाण्याने धुणं आणि वर्षाआड इंजेक्टर बेंचवर लावणं, एवढं गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवलं आहे.